रात्रभर ‘ङ’

सीपॅप मशीन लावून झोपायला लागलो, त्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, “घोरणं बंद झालंय तुमचं. पण पहाटे ओठांतून हवा सुटत असते. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह ढिला झाल्यावर येतो ना, तसला आवाज.” तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण त्याच्या खुणा रोज सकाळी सापडत होत्या. जीभ टाळूला चिकटलेली, ओठांची सालपटं निघालेली, घसा इतका कोरडा की पाण्याचा पहिला घोटसुद्धा टोचायचा. उशाशी भरून ठेवलेला तांब्या उजाडेपर्यंत रिकामा. मशीन नाकातून हवा देत होतं आणि मी ती तोंडावाटे सोडून देत होतो.

“तोंड बंद ठेवून झोपा,” असं मला निदान तीन जणांनी सांगितलं. झोपलेल्या माणसानं हे पाळायचं कसं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. पुढच्या काही महिन्यांत वाचून, डॉक्टरांना विचारून आणि स्वतःवर करून पाहून एवढं उमगलं, की झोपेत तोंड बंद राहण्यात ओठांचा वाटा अगदी थोडा असतो. ते काम नाकाचं आणि जिभेचं.

आधी, ज्यासाठी सीपॅप लावतात त्या स्लीप ॲप्निया या आजाराविषयी थोडं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद, मान जाड, जबडा मागे किंवा जीभ मोठी, त्यांच्या घशाच्या सैल भिंती आत कोसळतात आणि श्वासाची वाट बंद होते. छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करत राहतात, पण हवा आत जात नाही. श्वास असा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस घुसमटून एक मोठा श्वास घेतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नसतं. पूर्ण आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला पाच ते पंधरा असतील तर आजार सौम्य, पंधरा ते तीस असतील तर मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र धरतात.

घोरणाऱ्या माणसाकडे बघून आपण ‘काय गाढ झोपलाय’ म्हणतो. या एका समजुतीपायी किती घरांत हा आजार वर्षानुवर्षं कौतुकानं सांभाळला गेला असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत असल्याचं दिसलं. रात्रीचे अडथळे आणि दिवसा अनावर झोप, अशी दोन्ही लक्षणं ७.५ टक्के पुरुषांत होती. भरल्या लोकलच्या डब्यात ही माणसं किती निघतील, याचा हिशेब कुणीही करावा.

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला पुढून भोक पाडायचं आणि त्यात नळी बसवायची. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांना यातून दुसरी वाट काढायची होती. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि ती हवा ओढण्याऐवजी फुंकेल अशी जोडणी केली. ती हवा नळीनं रुग्णाच्या नाकपुड्यांत सोडली. घसा आतून हवेच्या दाबावर तोलला गेला आणि मिटायचा थांबला. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. आजच्या सीपॅपचं तत्त्व अगदी तेच आहे. औषध नाही, ऑक्सिजन नाही, फक्त खोलीतल्या हवेचा टेकू, मांडव कोसळू नये म्हणून लावतात तसा. हा दाब सहसा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. दहा सेंटिमीटर म्हणजे पेलाभर पाण्याची उंची, आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. एवढ्या हलक्या टेकूवर माणसाची झोप उभी राहते.

हलका टेकू असल्यामुळेच तो सुटायलाही वेळ लागत नाही. मास्क फक्त नाकावर असेल तर घशापुढे दोन वाटा राहतात. एकीतून हवा येते, दुसरी तोंडाची. ही दुसरी वाट उघडली की नाकातून आलेली हवा घशात वळून तोंडातून बाहेर पडते. घशातला दाब उतरतो, टेकू निसटतो, भिंती पुन्हा जवळ येतात. मशीन गळती भरून काढायला आणखी जोरानं हवा सोडतं, मास्क कडेनं फुरफुरू लागतो, झोप मोडते. वैतागून माणूस मास्क काढून फेकतो आणि सकाळी म्हणतो, “मला नाही मानवत हे मशीन.” मशीन कपाटात जातं. मशीन सोडून देणाऱ्यांमध्ये तोंडाच्या गळतीनं हैराण झालेले बरेच असतात.

आता एक प्रयोग करून पाहा. ‘रंग’ हा शब्द म्हणायला घ्या आणि ‘ग’ तोंडातून निघायच्या आत थांबा. किंवा ‘वाङ्मय’ म्हणताना मधल्या ‘ङ’वर थांबा. आवाज थांबवला तरी चालेल, जीभ मात्र आहे तिथेच राहू द्या. आता ओठ विलग करा, जबडा खाली सोडा आणि श्वास घ्या. तोंड उघडं असूनही श्वास नाकानंच येतो आणि जातो. तोंडातून हवेची झुळूकही जात नाही.

जिभेचा मागचा भाग वर उठून मऊ टाळूला टेकला आहे. पडजीभ जिथून लोंबते तो मांसल पडदा म्हणजे मऊ टाळू. हा पडदा खाली उतरून जिभेवर बसला आहे, म्हणून घशातून तोंडात जायची वाट बंद आणि नाकाकडची मोकळी. ‘ङ’ला कंठ्य अनुनासिक म्हणतात, त्याचा अर्थ हाच. शाळेत पाटीवर ङ आणि ञ गिरवताना हे वर्ण कशासाठी, हे कुणालाच कळत नसे. पंख, अंक, गंगा यांतल्या अनुस्वारात हाच ‘ङ’ आपण दिवसभर उच्चारत असतो. याच्या नेमकं उलट ‘आ’. डॉक्टर घसा बघताना ‘आ’ करायला सांगतात, तेव्हा मऊ टाळू वर उचलला जातो, जीभ खाली बसते आणि तोंडाची वाट सताड उघडते.

म्हणजे तोंडाला दारं दोन आहेत. ओठ हे पुढचं दार, जीभ आणि मऊ टाळू हे मागचं. मागचं दार बंद असेल तर पुढचं उघडं राहूनही काही बिघडत नाही. मागचं उघडं ठेवून पुढचं दाबून बंद केलं तर हवा गालांत भरते, गाल फुगतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुर्रकन सुटते. माझ्या बायकोनं ऐकलेला आवाज हाच. तो पहाटेच का यायचा, तेही पुढे कळलं. रात्र सरत जाते तसा स्वप्नं पडणाऱ्या झोपेचा वाटा वाढतो, आणि त्या झोपेत अंगातले बहुतेक स्नायू सर्वांत सैल असतात. जिभेची पकडही तेव्हाच सुटते.

पण मग सुलिव्हन यांच्या पहिल्या रुग्णांची तोंडं तर मोकळीच होती, त्यांची हवा का सुटली नाही? खिडकीतून वारा आला की पडदा खोलीच्या आत फुगतो, तसा नाकाकडून आलेला दाब मऊ टाळूला पुढे ढकलून जिभेवर बसवतो. नाकाचा मास्क ‘ङ’च्याच बाजूनं काम करतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कमध्ये हे घडत नाही. तिथे दाब पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. शिवाय त्या मास्कचा पट्टा आवळला की खालचा जबडा थोडा मागे दाबला जातो आणि त्याबरोबर जीभही. म्हणूनच मोठ्या मास्कला अनेकदा जास्त दाब लागतो. ‘तोंडानं श्वास घेता ना, मग हाच मास्क’ म्हणून पहिल्याच दिवशी मोठा मास्क हातात ठेवणं मला घाईचं वाटतं. ज्यांचं नाक खरोखरच बंद आहे, त्यांच्यासाठी मात्र तो मास्कच योग्य, आणि तो लावण्यात काही कमीपणा नाही.

तर जिभेला मागचं दार सोडायला लावतं कोण? बहुतेक वेळा नाक. नाकातून पुरेशी हवा मिळेनाशी झाली की शरीर दुसरी वाट उघडतं. ती त्याची शहाणी सवय आहे, जीव वाचवणारी. ॲप्नियाच्या रुग्णांमध्ये या सवयीला वर्षानुवर्षं खतपाणी मिळालेलं असतं, कारण दर घुसमटीनंतर त्यांनी तोंड उघडूनच पहिला श्वास ओढलेला असतो. मशीननं घुसमट थांबली की बऱ्याच जणांचं तोंड काही आठवड्यांत आपोआप मिटायला लागतं. पण नाक चोंदलेलं असेल तर नाही. म्हणून पहिली दुरुस्ती नाकाची.

आपल्याकडे नाकाच्या सगळ्या तक्रारींना ‘नाकाचं हाड वाढलंय’ हे एकच नाव आहे. प्रत्यक्षात हाड क्वचितच वाढलेलं असतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो, नाहीतर आतल्या भिंतींवरचे मांसल उंचवटे सुजलेले असतात. या उंचवट्यांना शरीरशास्त्रात कॉन्का म्हणतात, म्हणजे शिंपला किंवा शंख. येणारी हवा त्यांच्या वळणांवरून फिरत जाते, तेवढ्यात गरम होते, ओली होते, धूळ गाळली जाते. या उंचवट्यांत रक्त भरतं आणि उतरतं, तसे ते फुगतात आणि ओसरतात. त्यामुळे दर काही तासांनी एक नाकपुडी जास्त मोकळी आणि दुसरी कमी, असा पाळीपाळीनं फेर चालू असतो. १८९५ साली जर्मन डॉक्टर कायझर यांनी हा फेर शास्त्रीय रीतीनं नोंदवला. आपल्याकडचे योगी त्याच्या कितीतरी आधीपासून सूर्यस्वर आणि चंद्रस्वर म्हणून तो ओळखत आले आहेत. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते, तीही या उंचवट्यांच्या फुगण्यामुळेच. म्हणजे एक नाकपुडी बंद असणं हा आजार नव्हे. दोन्ही एकाच वेळी बंद असतील तेव्हा जीभ दार सोडते.

तोंडानं घेतलेला श्वास नाकाच्या श्वासाइतकाच चांगला, असा समज असेल तर तोही खरा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना झोपेत एकदा फक्त नाकानं आणि एकदा फक्त तोंडानं श्वास घ्यायला लावून हवेला होणारा अडथळा मोजला. तोंडाच्या वाटेनं तो दुपटीहून जास्त भरला. जबडा उघडला की तो खाली आणि मागे जातो, जिभेचं बूड घशात सरकतं, आणि आधीच अरुंद असलेली जागा आणखी आवळते.

गळतीचा नाकावर जो परिणाम होतो, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण नाकानं श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसातली ओली, ऊबदार हवा परतीच्या वाटेवर नाकाला थोडी ओल आणि थोडी ऊब देऊन जाते. नाकाचा संसार या उसनवारीवर चालतो. तोंडातून गळती सुरू झाली की हवा नाकातून फक्त आत येत राहते, परत जातच नाही. नाक देत राहतं, त्याला मिळत काहीच नाही. अस्तर कोरडं पडतं, त्यावर उपाय म्हणून शरीर तिथे रक्त पाठवतं, अस्तर सुजतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. १९९६ साली सुलिव्हन यांच्याच गटानं दाखवून दिलं, की तोंडाच्या गळतीमुळे नाकातला अडथळा वाढतो आणि हवा चांगली गरम आणि ओली करून दिली तर ही वाढ बरीचशी टळते. मशीनला पाण्याचं भांडं जोडलेलं असतं ते याचसाठी. अनेकजण ते भांडं कोरडंच ठेवतात, ‘कटकट नको’ म्हणून. तसं करू नये. त्यात डिस्टिल्ड वॉटर भरावं, रोज बदलावं, भांडं धुऊन वाळवावं. ओलावा किती ठेवायचा, हे गावावर आणि ऋतूवर ठरतं. मुंबईत जुलै महिन्यात जे प्रमाण पुरतं, ते एसी लावून झोपणाऱ्याला पुरत नाही आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात तर नाहीच. ओलावा वाढवल्यावर नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज यायला लागला, तर नळी पांघरुणाखाली घ्यावी किंवा गरम होणारी नळी मिळते ती लावावी.

माझी ॲलर्जी जुनी. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्टेरॉईडचा नाकात मारायचा स्प्रे दिला आणि तो मारायचा कसा ते शिकवलं. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डावीत उजव्या हातानं, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीवर बसतं. याचा गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात आणि तोवर धीर धरावा लागतो. दोन मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांच्या पुढे वापरले की त्यांचा अंमल उतरताच नाक पहिल्याहून घट्ट बंद होतं आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. जलनेतीचाही उपयोग होतो. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं, अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ. नळाचं पाणी सरळ नाकात घेऊ नये. त्यात क्वचित असणारा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो, आणि त्या आजारातून फार थोडे वाचतात.

नाक मोकळं झालं, आता जीभ. झोपेत तिला हुकूम देता येत नाही, पण जागेपणी तिची बसायची जागा बदलता येते. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, ‘न’ म्हणताना जिथे टेकतं तिथे. मागचा भाग ‘ङ’ म्हणताना जातो तिथे. सगळी जीभ टाळूला अलगद चिकटलेली, दात एकमेकांपासून किंचित सुटे, ओठ सहज मिटलेले. ही जागा सापडत नसेल तर एकदा आवंढा गिळावा. गिळताना जीभ आपोआप वर जाते. गिळून झाल्यावर तिला खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच.

मी रोज संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून, मशीन चालू करून बसायला लागलो. पहिल्या दिवशी ओठ जरा उघडले आणि हवा तोंडातून इतक्या जोरात बाहेर आली की दचकून मास्कच काढला. पण हाच सगळ्यात चांगला गुरू ठरला. मुद्दाम ओठ उघडायचे आणि ‘ङ’ धरून हवा थांबवायची. चुकलं की लगेच कळतं, गालावर वारा येतो. बरोबर जमलं की तोंड उघडं, नाकात दाब आणि जिभेवर मऊ टाळू येऊन बसल्याची स्पष्ट जाणीव. आठवडाभरात ते विचार न करता जमू लागलं. मग ऑफिसात, बसमध्ये, भाजी निवडताना जेव्हा आठवेल तेव्हा जीभ कुठे आहे ते तपासायचं. माझी नेहमी खाली, दातांच्या तळाशी पडलेली सापडायची. साधारण दीड महिन्यानं ती तपासायच्या आधीच वर असायला लागली.

याच तत्त्वावर जीभ आणि घशाचे रीतसर व्यायाम आहेत. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टरांनी मध्यम ॲप्निया असलेल्या रुग्णांकडून असे व्यायाम तीन महिने करून घेतले आणि अडथळे लक्षणीय घटल्याचं २००९ साली दाखवलं. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांवर असाच अभ्यास झाला होता. तिथे काही जणांकडून ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू हे लांब फुंकवाद्य नियमित वाजवून घेतलं होतं. आणि २०२५ साली जयपूरच्या संशोधकांनी ३० रुग्णांच्या अभ्यासात काही जणांना सहा महिने शंख फुंकायला दिला. त्यांची झोप सुधारली, रात्रीचे अडथळे कमी झाले. ‘शंख’ या शब्दातही ‘ङ’ दडलेला आहे, हे वाचताना मला फार आनंद झाला. हे अभ्यास लहान आहेत आणि मशीनऐवजी शंख असा त्यांचा अर्थ मुळीच नाही. पण घशाचे स्नायू कमावता येतात, एवढं त्यांतून नक्की दिसतं.

बाहेरून तोंड बांधायचे उपाय मी यानंतर आणतो, आधी नाही. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. त्यानं हनुवटी वर उचलली गेली पाहिजे, मागे ओढली जाता कामा नये. पट्ट्यानं ॲप्निया बरा होत नाही, मशीनच्या सोबतीला गळती तेवढी कमी होते. उशीही बघावी. उशी फार उंच असेल तर हनुवटी छातीकडे झुकते आणि जबडा सुटतो. उताण्यापेक्षा कुशीवर झोपलेलं बरं.

ओठांवर चिकटपट्टी लावायची सध्या मोठी लाट आहे. जगभर माणसं मोबाइलवर बघून पट्ट्या लावून झोपतात. याबाबत मी स्पष्ट सांगेन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. बोस्टनच्या संशोधकांनी २०२४ साली औषधानं झोपवलेल्या ॲप्निया रुग्णांचं तोंड हलकेच मिटवून हवेचा प्रवाह मोजला. पुष्कळांचा प्रवाह सुधारला, पण जे मुख्यतः तोंडानंच श्वास घेत होते त्यांच्यापैकी काहींचा उलट घटला. त्यांचं तोंड उघडं होतं ते नाकामागची वाट मिटत होती म्हणून. तीच एक वाट उरलेली असताना तिच्यावर पट्टी लावायची? नाक चोंदलेलं, पोटातलं आंबट वर येतंय, उलटीची भावना आहे, दारू किंवा झोपेची गोळी घेतली आहे, फिट येतात, यांपैकी काहीही असेल तर पट्टीचा विचारही नको. मुलांना तर नकोच. मूल रोज तोंड उघडं टाकून झोपत असेल तर बहुधा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असतात, आणि ते डॉक्टरांनी बघायचं काम आहे.

आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, वीज जाते. मोठ्या मास्कमध्ये हवा थांबली की आपोआप उघडणारी झडप असते, म्हणजे बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये सहसा अशी झडप नसते, कारण मशीन बंद पडलं तर माणूस तोंड उघडून श्वास घेईल हे तिथे गृहीत धरलेलं असतं. ते तोंडच घट्ट चिकटवून टाकलं तर गृहीतक कोसळतं. रात्री अडीचला वीज गेली आणि मी तोंड उघडूनच जागा झालो, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे. त्या दोन्ही वेळी ओठांवर पट्टी नव्हती, याचं मला फार समाधान आहे.

सुधारणा होतेय की नाही हे अंदाजावर सोडायची गरज नाही. बहुतेक मशीन रोजची गळती आणि तासाला उरलेले अडथळे नोंदवतात. मास्कच्या छिद्रांतून बाहेर सोडलेल्या श्वासासाठी ठेवलेली ठरावीक गळती बऱ्याच मशीनमध्ये यातून वेगळी धरलेली असते, म्हणून ‘लीक’ शून्य दिसलं तरी घाबरू नये. मी वहीत तीन रकाने आखले. गळती, अडथळे आणि सकाळी तोंड कोरडं की ओलं. पहिल्या महिन्यात तिसऱ्या रकान्यात रोज ‘कोरडं’. चौथ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. मधल्या काळात डॉक्टरांनी नोंदी बघून दाब थोडा कमी केला, कारण गळती भरून काढायच्या नादात आपोआप दाब बदलणारं माझं मशीन गरजेपेक्षा वर चढत होतं. दाब उतरला आणि जिभेचं कामही हलकं झालं.

तांब्या अजून उशाशी असतो. सकाळी बहुधा भरलेलाच सापडतो, आणि तेच पाणी मी तुळशीला घालतो. पावसाळ्यात सर्दी झाली आणि दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या की कपाटातला मोठा मास्क काढतो, चार-पाच रात्री तो लावतो. सर्दी उतरली की संध्याकाळच्या बातम्यांना पुन्हा छोटा मास्क लावून बसतो आणि ओठ उघडे टाकून जिभेची जागा तपासतो.